उजवीकडे झुकलेला आवाज

जानेवारीत मुंबईला थंडी पडते असं म्हणायची आमच्यात पद्धत आहे. पडते ती चार-सहा सकाळी, तीही दुधाबरोबर येते आणि नऊच्या सुमाराला निघून जाते. पण तेवढ्यात माणसं ट्रंकेतले मफलर काढतात, जिन्यात डांबराच्या गोळ्यांचा वास सुटतो, शेजारच्या घरी तीळ भाजले जातात आणि मला बाबांची आठवण होते. दरवर्षी होते. आठवण म्हणजे तरी काय, जुना रागच. बाबांचा चेहरा आठवायच्या आधी मला त्यांची पाठ आठवते. मफलर गुंडाळलेली, खुर्चीत ताठ बसलेली पाठ. यंदाच्या जानेवारीत मला त्या पाठीबद्दल जे कळलं, त्याने मी असा हादरलो की दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. कोणाला सांगावं हे सुचेना, म्हणून लिहायला बसलो.

झालं ते एका साध्या गोष्टीवरून. माझ्या मुलाने, सुहासने, घरात स्टिरिओ आणला. माहीमच्या आमच्या बाहेरच्या खोलीत दोन कोपऱ्यांत दोन खोके आणि मध्ये बटणांचं यंत्र. तो म्हणाला, "पप्पा, तुम्हीच लावा. तुमचं डिपार्टमेंट आहे." खरंच आहे. मी एकोणिसाव्या वर्षापासून रेडिओ उघडतोय, आधी गिरगावातल्या एका दुकानात आणि मग माहीमला माझ्या स्वतःच्या. स्टिरिओची गंमत अशी, की दोन खोक्यांच्या बरोबर समोर मधोमध खुर्ची टाकून बसलं, तर गाणारी बाई कुठल्याच खोक्यात नसते. ती दोन्हींच्या मध्ये, जिथे नुसती भिंत आहे तिथे, उभी राहून गाते. आमच्याकडे तिथे कॅलेंडर आहे. म्हणजे बाईने कॅलेंडरमधून गायला हवं होतं. ती गात होती उजवीकडून, खिडकीच्या गजांपाशी उभी राहून.

सुहासला काही वाटेना. "मला तर मधूनच येतोय, पप्पा," तो म्हणाला. मी म्हटलं, तुम्हा पोरांना कानच नाहीत. आणि शर्टाच्या बाह्या वर करून कामाला लागलो. सुतळीने अंतरं मोजली, दोन्ही खोके खुर्चीपासून सारखे दूर. डाव्या खोक्याशेजारी काचेचं कपाट आहे आणि उजव्याशेजारी पडदा, म्हणून कपाटावर चादर टाकली. तारांच्या लाल-काळ्या जोडण्या सोडून पुन्हा बांधल्या. एकच आवाज दोन्हीकडे सारखा पाठवणारं बटण दाबून पाहिलं. बाई खिडकीतच. आमच्या धंद्यात अशा वेळी अदलाबदल करतात. दोष कुठे आहे ते कळत नसेल तर दोन वस्तूंच्या जागा बदलायच्या. दोष वस्तूबरोबर हलला तर तो वस्तूत. मी तारा बदलल्या, डावीची उजवीला. बाई खिडकीत. खोके बदलले. बाई खिडकीत. घामाघूम होऊन मी दुकानदाराला चार शिव्या हासडल्या.

सुहास हसत म्हणाला, "आता फक्त तुमची खुर्ची फिरवायची राहिली."

त्याने थट्टा केली होती. पण मी पडलो मेकॅनिक. जे फिरवून पाहिलेलं नाही ते फिरवून पाहायचं, हा माझा स्वभाव. खुर्ची उचलली, उलटी ठेवली आणि दोन्ही खोक्यांकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसलो. बाई खिडकी सोडून थेट कपाटापाशी गेली. पुन्हा माझ्या उजव्या अंगाला. खोके हलले नव्हते, तारा हलल्या नव्हत्या, दोष माझ्याबरोबर फिरला होता. माझा डावा कान गेला होता, आणि कधी गेला ते मला ठाऊकही नव्हतं.

पण खरा धक्का तो नव्हे. म्हातारपणी कान जायचेच. धक्का बसला तो पुढच्या क्षणी. मी घराकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून बसलो होतो. माझे बाबा असेच बसायचे.

बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. साचे म्हणजे माग. एका छपराखाली ओळीने माग खडखडत असताना एकाचा शब्द शेजारच्याच्या कानापर्यंत पोचत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात आणि बोटांनी बोलतात. आमच्या लालबागच्या चाळीत बाबा गॅलरीच्या या टोकाला उभे राहून त्या टोकाच्या सोबत्याशी एक अक्षर न उच्चारता गप्पा मारत. मध्येच दोघे खदाखदा हसत आणि आमची आई, जिला आम्ही आये म्हणायचो, वैतागून म्हणे, "काय ता आमकाय सांगा!" मागांनी बाबांचे दोन्ही कान थोडे थोडे खाल्ले होतेच. घरात आम्ही सगळे ओरडून बोलायचो, चाळही ओरडूनच बोलायची. त्यामुळे कोणाला किती ऐकू येतं, हा प्रश्न कधी कोणी कोणाला विचारला नाही.

घरात रेडिओ होता तो मी जोडलेला. दुकानात निकामी म्हणून टाकलेल्या तीन-चार सेटांमधून एक उभा केला होता. विजेची जोडणी खोलीत एकाच भिंतीला, तिथेच फळी ठोकून तो ठेवला. दाराजवळ घरातली एकुलती एक खुर्ची होती, तोंड खोलीकडे. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी बाबा तिच्यात बसत. रेडिओ त्यांच्या डाव्या कानाशी, आम्ही समोर जमिनीवर आणि दाराबाहेर गॅलरीत अर्धी चाळ. पहिल्या दिवशी तो बोलला तेव्हा बाबांनी गॅलरीतल्या सोबत्याला नुसत्या ओठांनी सांगितलं, "माझ्या झिलान केल्यान." माझ्या मुलाने केला. मला ते ओठ वाचता आले. तेव्हा मी एकोणीस-वीस वर्षांचा होतो, आणि त्यानंतर मला कोणी कितीही शाबासकी दिली तरी ती तेवढी लागली नाही.

त्याच रेडिओवरून छप्पन सालच्या जानेवारीत बातमी आली, की मुंबई आपल्या राज्यात असणार नाही. गॅलरीत एवढी माणसं होती, पण कोणी खोकलंसुद्धा नाही. आयेच्या हातात तांदूळ पाखडायचं सूप होतं, ते तिने तसंच धरून ठेवलं. बाबा रेडिओकडे बघत राहिले. मला उगीचच वाटलं, की ही बातमी मी घरात आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा मफलर गुंडाळत म्हणाले, "मोर्चाक जातंय. माझ्यावांगडा येतंस?" माझ्याबरोबर येतोस का?

"आज एक सेट पोचवायचाय, बाबा. गिऱ्हाइकाकडे लग्न आहे."

"गिरण्यो बंद, आणि तुझा दुकान उघडा?"

"दुकान माझं नाही."

ते जिना उतरून गेले. खरं सांगायचं तर सेट दुसऱ्या दिवशी पोचवला असता तरी चाललं असतं. मला भीती वाटली होती. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

गिरगावात दुकानाची फळी अर्धी ओढून मी आत तारांना कथलाचा डाग देत बसलो. दुपारी बाहेर कोणीतरी फळ्या आपटाव्यात तसे आवाज आले. मग पळणारे पाय. मग फटीतून काहीतरी आत आलं आणि माझे डोळे चुरचुरू लागले. आमचे म्हातारे मालक भिंतीला टेकून "काय चाललंय, काय चाललंय" एवढंच म्हणत होते. बऱ्याच वेळाने बाहेर पडलो तर रस्ता ओस आणि रस्ताभर चपला. बायकांच्या, पुरुषांच्या, कोल्हापुरी, रबरी. मी वेड्यासारखा बाबांची चप्पल शोधत चाललो. चपलांची एक जोडी धड सापडेल तर शपथ.

लालबागला पोचलो तेव्हा आधी कळेना, की चुकल्यासारखं काय वाटतंय. मग कळलं, गिरण्या गप्प होत्या. माझा जन्म त्या घरघरीत झालेला. ती थांबली तेव्हा नळाचं ठिबकणं, कोणाचं तरी नाक ओढणं, लांबच्या खोलीतली पोळपाटाची खुडबुड सगळं ऐकू येऊ लागलं आणि मला अतिशय भीती वाटली.

दिवेलागणीला बाबा आले. चप्पल नव्हती. बाही फाटलेली, डावं कानशील सुजून वर आलेलं. लाठी बसली होती. आयेने हळद गरम करून लावली. मी त्या हळद लावलेल्या बाजूला बसून विचारलं, "बाबा, फार लागलं का?" ते बोलले नाहीत. पुन्हा विचारलं, तर मानसुद्धा वळवली नाही. पलीकडून माझी धाकटी बहीण कुसुम "बाबा, पाणी" म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी हात पुढे केला. मी समजायचं ते समजलो.

आठवडाभराने गिरण्या सुरू झाल्या. एका संध्याकाळी बाबा रेडिओकडे बोट करून म्हणाले, "मधू, ह्येचो आवाज पडलोहा." त्यानंतरचं हे त्यांचं माझ्याशी पहिलं धड वाक्य, आणि तेही माझ्या रेडिओला नावं ठेवणारं! माझं डोकं सणकलं. मी सेट खाली काढला, व्हॉल्व्ह बदलून पाहिले, स्पीकरचा कागद तपासला, तारांचे सगळे टाके पुन्हा मारले. काही म्हणता काही बिघडलेलं नव्हतं. मी त्यांच्यासमोर उभा राहून म्हणालो, "रेडिओ ठणठणीत आहे, बाबा. मी केलाय म्हणून खोड काढू नका." ते माझ्या ओठांकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, "बरां." आणि त्या दिवसानंतर त्यांनी आपली खुर्ची फिरवली. दाराकडे तोंड, घराकडे पाठ.

तेव्हापासून सगळं तसंच. जेवायला आमची बसायची जागा ठरलेली असे. बाबा मध्ये, त्यांच्या डाव्या हाताला मी, मोठा मुलगा म्हणून, आणि उजव्या हाताला कुसुम. ती एक वाक्य बोलली की त्यांच्याकडून दोन यायची. मी बोललो की माझं बोलणं आमटीत पडायचं. त्या वर्षी रथसप्तमीच्या आत त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला, पायावर डोकं ठेवून म्हणायचं ते म्हणालो, पण ते हातातल्या तिळाकडे बघत राहिले. पुढे आपलं राज्य झालं त्या सकाळी खाली लेझीम चालली होती, गॅलरीला पताका होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, "झालं बाबा एकदाचं." ते कठड्याला धरून रडत होते. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि मी माहीमला वेगळी खोली घेतली. आये म्हणाली, जाऊ नको. बाबा दारात उभे होते. त्यांनीही काही म्हटलं असतं तर मी थांबलो असतो.

ते गेले तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. परळच्या इस्पितळात त्यांचा शेवटचा आठवडा. दुपारची भेटीची वेळ, वॉर्डात भांड्यांचा आणि माणसांचा कलकलाट. उजव्या अंगाला खाटेवर कुसुम बसलेली, म्हणून मी स्टूल घेऊन डावीकडे बसलो. इतक्या वर्षांनी मनाचा हिय्या केला. त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुमच्याबरोबर यायला हवं होतं. मी घाबरलो. माझं चुकलं." ते पंख्याकडे बघत होते. मी वाट पाहिली. ते पंख्याकडेच बघत राहिले. मी उठून बाहेर गेलो, आणि जिन्यात उभा राहून ठरवलं, की या माणसाने मला मरतानाही माफ केलं नाही.

आणि आता मी माहीमच्या खोलीत उलट्या खुर्चीत बसलो होतो. गाणं कधीच संपलं होतं. सुहास विचारत होता, "पप्पा, काय झालं?" मला हळद दिसत होती. डाव्या कानशिलावरची हळद. गिरणीच्या भोंग्याच्या आधी उठणारे बाबा त्या जानेवारीनंतर उजव्या कुशीवर, चांगला कान उशीत दाबून, झोपले की भोंगा होऊनही हलत नसत, आये खांदा गदगदा हलवून "भोंगो झालो!" म्हणायची आणि आम्ही हसायचो, तेही आठवलं. रेडिओ डाव्या भिंतीला, फळी हलणारी नाही, म्हणून त्यांनी स्वतःला फिरवलं होतं. चांगला कान रेडिओकडे जावा म्हणून. माझ्या रेडिओकडे. गिरणीत ओठांवर भागत होतं, घरात समोरून भागत होतं, आणि आपल्याला ऐकू येत नाही हे त्यांना स्वतःला तरी कितपत कळलं असेल? मला कुठे कळलं होतं? त्यांना एवढंच वाटलं, की रेडिओचा आवाज पडला. त्यांनी ते येऊन सांगितलं, आणि मी रेडिओ उघडून बसलो. सगळेच्या सगळे टाके पुन्हा मारले, आणि तक्रार करणाऱ्या माणसाच्या डाव्या कानाशी एकदा चुटकी वाजवून पाहिली नाही. गिऱ्हाइकं मला हाताला गुण आहे म्हणायची. कसला आलाय गुण!

दुसऱ्या दिवशी दुपारी कुसुम तिळगूळ घेऊन आली. ती शीवला असते, दरवर्षी रथसप्तमीच्या आत डबा घेऊन येते. खुर्ची अजून उलटीच होती आणि मी तिच्यात. ती दारातच थबकली.

"अगं बाई! अगदी बाबा बसल्यासारखं वाटलं रे, दादा."

"कुसुम, बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं."

"काहीतरीच काय! मला तर सगळं..." ती हसत बोलत होती आणि मध्येच थांबली. डब्याचं झाकण अर्धं उघडलेलं तसंच राहिलं. ती हळूच खाली टेकली. मग म्हणाली, "जेवताना रोज मला विचारायचे रे. तू हात धुवायला उठलास की हळूच. 'तो काय म्हणालो गो?'"

"आणि तू?"

"मला वाटायचं अबोला आहे. आपल्या चाळीत अबोला धरलेली माणसं अशीच करायची ना, तिसऱ्याला विचारायची. समोरच्या काकी नाही का, नवऱ्याला काय हवं ते पोराला विचारायच्या? मी म्हणायचे, काही नाही, गिरणीचं विचारत होता. तुझं बोलणं सांगायला गेले तर पुन्हा वाद पेटेल, अशी भीती वाटायची मला."

तिला रडू येत होतं. मी इस्पितळाचं विचारलं. त्या दिवशी मी त्यांच्या कानाशी काय बोललो ते तिने ऐकलं होतं का?

"ऐकलं ना. तू ओरडूनच बोललास, सगळ्या वॉर्डाने ऐकलं." तिने डोळे पुसले. "तू गेल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. म्हणाले, 'तो काय म्हणालो?'"

"काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, पाणी हवंय का विचारत होता." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "या वेळी तो विषय कशाला, असं वाटलं रे मला. त्यांची शेवटची वेळ. उगीच जुनं उगाळून त्रास कशाला द्यायचा?"

तिला दोष द्यावा तर मी रेडिओ उघडून बसलेला माणूस. खालून भेळवाल्याची घंटी ऐकू येत होती, तीही उजवीकडूनच. मग कुसुम काहीतरी पुटपुटली. ती माझ्या डावीकडे बसली होती, मला नीट कळलं नाही.

"काय?"

"ते आणखी एक बोलले होते. मला वाटलं, तापात बरळतायत, म्हणून तुला कधी सांगितलं नाही. पाणी नको म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने म्हणाले, 'तेका सांग, रेडिओ बरो होतो.'"

मी तिचा हात धरला. म्हटलं, "इकडे ये. अशी उजवीकडे बस. आणि पुन्हा सांग."